लग्नाच्या फोटोंत मिसळलेलं युद्ध

ती घटना मी आजवर अनेकदा सांगितली आहे. निरोप समारंभात सांगितली, प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना सांगितली, एका दिवाळी अंकात लिहिलीही. दरवेळी कौतुक झालं. आज पुन्हा सांगतो, कारण आजवर मी ती खोटी सांगत होतो, आणि त्याची झळ एका निरपराध माणसाला बसली.

मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी उपनिरीक्षक होतो. गावात गोऱ्या साहेबांच्या काळातला क्लब होता. तिथल्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंचा अल्बम होता. दोस्त राष्ट्रांच्या फौजा समुद्रातून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हाचे फोटो. क्लबने तो नकला काढायला बाजारातल्या फोटो स्टुडिओत दिला. परत आला तेव्हा काही पानं रिकामी होती. सेक्रेटरी फिर्याद घेऊन आले. आमचे वरिष्ठ त्या क्लबात टेनिस खेळत, त्यामुळे तपास लवकर लावा, असा निरोपही पाठोपाठ आला.

खबर मिळायला वेळ लागला नाही. स्टुडिओसमोरच्या पानवाल्याने माझ्या हवालदाराला सांगितलं, की डार्करूममध्ये काम करणाऱ्या माणसाच्या घरी ट्रंकेत लढाईचे फोटो आहेत. पंच घेऊन झडती घेतली. फोटो मिळाले. कमरेइतक्या पाण्यात उतरलेले सैनिक, डोक्यावर धरलेल्या बंदुका, मागे तोंड उघडून उभ्या असलेल्या सपाट बोटी.

त्याचं म्हणणं एकच होतं. "साहेब, हे माझ्या वडिलांचे फोटो. ते लढाईत हिंदी नौदलाच्या जहाजावर होते. हे नॉर्मंडीचे नाहीत, सिसिलीचे आहेत."

"रत्नागिरीचा खलाशी सिसिलीला कशाला गेला होता रे? मासे पकडायला?"

ठाण्यातले सगळे हसले.

"जहाज गेलं म्हणून गेले, साहेब."

"आणि सिसिली काय, नॉर्मंडी काय, दोन्हीकडे पाणीच ना?"

पुन्हा हशा.

जप्त माल फिर्यादीला ओळखायला देताना तो तशाच दिसणाऱ्या वस्तूंत मिसळून ठेवायचा असतो. दागिने असले तर सराफाकडून तसलेच दागिने मागवतात. पण लढाईचे फोटो आणायचे कुठून? हवालदार स्टुडिओतून लग्नाचे फोटो घेऊन आला. टेबलावर मांडणी झाली. सप्तपदी, सैनिक, वरमाय, सैनिक, सूनमुख, पुन्हा सैनिक. सेक्रेटरींनी खिशातला चष्मा न काढताच माल ओळखला. पंचांनी सह्या केल्या. तेव्हा मात्र कोणीही हसलं नाही.

राहिली कबुली. आरोपीला मी बोटही लावलं नाही, याचा मला अभिमान असे. मी फक्त त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि कोठडीतून दिसेल अशी बाकावर बसवली. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाकडे नवऱ्याचे फोटो मागत होती. दिवसभर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी तो गजांजवळ आला. "आईला घरी पाठवा. तुम्ही म्हणाल ते कबूल करतो."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून मीच त्याला समजावलं, की मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल कर, कोर्ट उठेपर्यंतच्या शिक्षेवर सुटशील. तसंच झालं. फोटो क्लबला मिळाले, त्याची नोकरी गेली आणि मला शाबासकी मिळाली.

महामारीच्या काळात मी नेदरलँड्समध्ये मुलीकडे अडकलो. आइंडहोव्हनला लागून बेस्ट नावाचं गाव आहे, तिथे ती इंजिनियर आहे. विमानं बंद पडली, पुढे रात्रीची संचारबंदी लागली. नोकरीभर दुसऱ्यांवर संचारबंदी लादलेला माणूस मी. रिकाम्या सायकलवाटेकडे बघत घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचो.

"बाबा, बसा ना एका जागी," मुलगी म्हणाली. तिचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर चालायचं. "मीटिंगमध्ये तुम्ही सगळ्यांना मागून जाताना दिसता. मॅनेजर विचारत होता, हा गार्ड कधी ठेवलास?"

मला गुंतवायला तिने लॅपटॉपवर एका डच संग्रहातले युद्धाचे फोटो उघडून दिले. "तुमच्या त्या फेमस केसमधलेही असतील, बघा."

मी बघत गेलो आणि एका फोटोवर हात थांबला. ट्रंकेतलाच फोटो. तीच बोट, पाण्यात तोल गेलेला तोच सैनिक, त्याचा दंड धरणारा दुसरा.

"याच्याखाली काय लिहिलंय गं?"

तिने डच ओळ मराठीत सांगितली. "सिसिली. लँडिंगचा दिवस. हिंदी जहाजावरून काढलेला फोटो, आमच्या जहाजाला भेट." मग ती स्क्रीनवर वाकली. "बाबा, हे सगळे हाफ पँटमध्ये आहेत, सिसिलीत उकाडा म्हणून. इथल्याच नॉर्मंडीच्या फोटोंत कोणाचे गुडघे दिसतायत का?"

दिसत नव्हते. ट्रंकेतल्या फोटोंत मात्र सगळ्यांचे गुडघे उघडे होते, हे मला स्पष्ट आठवत होतं. त्या काळी आमचे शिपाईही हाफ पँट घालत, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"म्हणजे तो माणूस खरं बोलत होता," ती म्हणाली. "आणि ही गोष्ट तुम्ही माझ्या लग्नातसुद्धा रंगवून सांगितलीत."

त्यानंतर माझं चित्त कशातच लागेना. जेवताना उठायचो, झोपलो की उठून बसायचो. शेवटी जुन्या हवालदाराच्या घरी फोन करून त्या माणसाचा नंबर मिळवला.

"आवाज ओळखला, साहेब," तो म्हणाला. "तब्येत बरी ना? मास्क वापरता ना?"

मी सगळं सांगितलं. माझं चुकलं, असं म्हणालो. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बंद केला.

"आई शेवटपर्यंत विचारायची, साहेब फोटो कधी देणार म्हणून. वडिलांचा दुसरा फोटो घरात नव्हताच. त्यातल्या एकात ते जहाजाच्या कठड्याला टेकून उभे होते. तुम्ही बघितला असेल."

मी बघितला होता. पंचनाम्यात त्याचं वर्णन 'एक अनोळखी इसम' असं मीच लिहवून घेतलं होतं. तो फोटो डच संग्रहात नाही. मी सगळा संग्रह पाहिला. क्लब कधीच बंद पडला. अल्बममधले मूळ फोटो कोणी पळवले आणि अल्बम कुठे गेला, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही.

"मी काय करू, सांगा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो करत होतो.

"तुम्ही दिवाळी अंकात लिहिलं होतंत. नाव नव्हतं, तरी माझ्या मुलीने ओळखलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आता खरं लिहा."

"तुमचं नाव घालू?"

"माझं नको. ते एकदा तुमच्या कागदांवर चढलं, तेवढं पुरे. वडिलांचं घाला."

प्रकरणाने काय शिकवलं, हे अशा लेखाच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. आरोपीचं म्हणणं खोटं ठरवण्याआधी तपासायचं असतं, हे मी दुसऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. त्या दिवशी मी फक्त हसलो होतो. सिसिली कुठे आहे, एवढं बघायला शाळेतला नकाशाही पुरला असता.

पंचनाम्यात दुरुस्ती आता होत नाही, म्हणून इथे करतो. जहाजाच्या कठड्याला टेकून उभा असलेला तो इसम म्हणजे सोनू धोंडू शिवलकर, खलाशी, हिंदी नौदल, राहणार तालुका रत्नागिरी. फोटो त्यांचे होते.