घोडकाठच्या घरी मला विचारलं, तू कोण

इनामगावला हल्ली लोक उत्खनन बघायला जातात. मी त्या बाजूला गेले साठ-एकसष्ट सालच्या सुमारास, स्वतःचं घराणं बघायला! दौंडला दवाखान्यात नर्स होते. वाढले केडगावच्या मिशनच्या आश्रमात. आईबाप साथीत गेले, एवढंच ठाऊक. "तू कुणाची गं?" या प्रश्नानं लहानपणापासून जीव नकोसा केला होता. आणि अचानक, आश्रमात माझा पत्ता काढून, निरोप आला: तुझे थोरले चुलते घोड नदीकाठी आहेत, ये, तुला कुळात घेतो. मग काय, नवी साडी नेसून निघालेच.

दौंडहून सकाळची पॅसेंजर धरून केडगाव, तिथून शिरूरची एस.टी. जाणार असाल तर पुढची बाजू धरा. मागं बसलात तर हाडं खिळखिळी आणि केसांत फुफाटा. भाडं तेव्हा रुपयाच्या आसपास होतं. भीमा ओलांडली आणि दोन्हीकडं ज्वारी लागली, थंडीच्या उन्हात डुलणारी. मला गुंगीच आली. बांधावरचा प्रत्येक माणूस आपला वाटायला लागला, हे मामा, ही आत्या. न्हावऱ्याला उतरून भजी खाल्ली, ती मात्र झकास.

पुढं बैलगाडी. गाडीवानानं विचारलं, "कुणाकडं जायचं?"

"आबांकडं. पुतणी मी त्यांची."

हे बोलताना इतकं गोड वाटलं म्हणून सांगू! परत एकदा बोलले.

"ऐकलं की बाई," तो हसला.

आबांनी मला पाहिलं आणि डोळ्यांना उपरणं लावलं. "नाक आमच्या रामाचंच हाय. आन् हसणं तुळसाचं." माझ्या आईबापांची नावं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. काकीनं पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला.

"उद्या खंडोबाची तळी भरू, भंडारा लावू, आन् तू आमची झालीस," आबा म्हणाले. "आडनाव आमचं लाव. ते चर्च-बिर्च सोडायचं आता."

मी मान डोलावली. खरंच डोलावली. नदीवरून वारा येत होता, सगळं झोपेत चालल्यासारखं होतं.

ताटं मांडली. बाजरीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा. मी सवयीनं डोळे मिटले, हात जोडले आणि पुटपुटू लागले. आश्रमात प्रार्थनेशिवाय घास उचलत नाहीत. प्रवासानं अंग डुलत असावं. तेवढ्यात काकी किंचाळली, "अगं बया! पोरीच्या अंगात आलं!"

झालं! शेजारणी धावल्या, कुणी मूठभर भंडारा माझ्यावर उधळला. अंगात आलेल्याला विचारतात तसं आबांनी हात जोडून विचारलं, "कोण हायेस तू? कुठली? नाव सांग!"

डोळे उघडले. नाकातोंडात हळद. आबांचं आडनाव दिवसभर जिभेवर घोळवलं होतं. पण ज्याच्याशी बोलत होते त्याचंच नाव तोंडात आलं. "मी शांता. येशूची."

मला रडू फुटलं; दुःखाचं नव्हे, मोकळं झाल्याचं.

"आबा, अंगात काही नाही आलं. मी प्रार्थना करत होते. पण उद्या मला कुळात घेऊ नका. नाही जमायचं मला."

"म्हंजी आमची न्हाईस व्हय?" आबांचा आवाज कापला.

"तुमच्या भावाची लेक आहेच की मी. पण आबा, मी त्याची आधीच झालेय."

आबांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाले, "भाकरी निवाय लागली. तुझं ते बोलणं पुरं कर आन् जेव."

दुसऱ्या दिवशी तळी भरली नाही. आबा मला शिरूरपर्यंत सोडायला आले, बाजारात हट्टानं बांगड्या भरवल्या आणि एस.टी.च्या कंडक्टरला बजावलं, "आमची पोरगी हाय. नीट न्या."

दौंडला खोलीवर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. काकीनं बांधून दिलेली भाकरी सोडली, डोळे मिटले. आश्रमात सगळ्या मुली आपापल्या आईबापांसाठी प्रार्थना करायच्या, तेव्हा मी नुसतीच 'आमेन' म्हणायचे. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "प्रभू, माझी आई तुळसा. माझे वडील रामा."