आम्ही तिघींनी लावलेली पोपटी

नवरा गेल्यावर मी रडले नाही, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या मैत्रिणींना झाला.

तसं रडायचं मी ठरवलं होतं. पण सतीश गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. कोणाला चहा बिनसाखरेचा, कोणाची गोळी जेवणाआधीची, चुलत सासूबाईंना टेकायला लोडच पाहिजे! म्हटलं, सगळे गेले की निवांत रडू. मग दिवसकार्य झालं, सगळे गेले, आणि रडणं जे राहिलं ते राहूनच गेलं. उन्हाळ्यात गेला तो. डिसेंबर उजाडला तरी माझे डोळे कोरडेच. फक्त झोप येत नसे. छातीवर कोणीतरी भरलेला दळणाचा डबा ठेवावा तसं वाटायचं. हे मात्र मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

माझ्या मैत्रिणी दोन, नीलिमा आणि कुंदा. लग्न होऊन पनवेलला आल्यापासून आम्ही तिघी एकाच सोसायटीत. नीलिमा वाचनालयातून मनाच्या आरोग्यावरची जाडजूड पुस्तकं आणते. तिचं म्हणणं, "माधू रडली नाही तर आतल्या आत तिला काहीतरी होईल. तिला रडवा." कुंदाचं म्हणणं, "रडत नाहीये ना? मग कशाला उकरून काढता? तिला हसवा!" दोघी यावरून जिन्यात कडाकडा भांडल्या. माझं मत कोणी विचारलं नाही. (नवरा माझा होता, पण असो.)

शेवटी एवढंच एकमत झालं की नाताळच्या सुट्टीत मला नेऱ्याला न्यायचं. नीलिमाच्या भावाचं तिथे फार्महाउस आहे. म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि आंब्याची काही कलमं. पण बोलायचं फार्महाउस. दर हिवाळ्यात आमची तिन्ही घरं मिळून तिथे जायची. या वेळी फक्त बायका.

निघताना कुंदाने नीलिमाला बाजूला घेऊन दम दिला, "सतीशभाऊंचं नाव काढायचं नाही. त्या विषयाच्या जवळपाससुद्धा जायचं नाही!" हे तिने इतक्या हळू सांगितलं की वॉचमनलाही ऐकू गेलं. पण मराठी बोलताना हा नियम पाळणं किती कठीण आहे, ते कुंदाच्या मारुतीत बसल्यावर कळलं.

"काय मरणाची थंडी पडलीय गं!" कुंदा काच वर करत म्हणाली, आणि तिने जीभ चावली. "म्हणजे... बरीच पडलीय."

"हो ना," नीलिमा म्हणाली. "सकाळी पाण्यात हात घालताना माझा तर जीवच..." आणि ती खोकायला लागली.

तेवढ्यात एक टेम्पो आडवा आला. "मेल्या, दिसत नाही का तुला..." कुंदाने ब्रेकबरोबर वाक्यही दाबलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू टेम्पोवाल्याला नाही, मलाच बोलली. त्यानंतर गाडीत कोणी तोंड उघडलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. माझे खांदे हलताना नीलिमाला दिसले. "आलं, आलं!" म्हणत तिने घाईघाईने रुमाल पुढे केला. मी वळून बघितल्यावर तिचा चेहरा पार पडला.

नेऱ्याला पोचलो तर अंगणात मडकं, वालाच्या शेंगांची पिशवी आणि पाल्याचा भारा. नीलिमाने गुपचूप पोपटीची तयारी करवून ठेवली होती!

पोपटी म्हणजे आमच्या भागातला हिवाळ्याचा सोहळा. मडक्यात शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, ओवा, जाडं मीठ असं सगळं भरायचं, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला ठासायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. आणि आमच्याकडे पोपटी म्हणजे सतीश. डोक्याला पंचा बांधून तो असा काही उभा राहायचा की ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने शिकावं. "लांब व्हा सगळे! माधू, तू मिठाला हात लावू नकोस, तुझा हात जड आहे." मग मडक्याला कान लावणं काय, वाऱ्याकडे बघणं काय! "पोपटी हातात असावी लागते," असं तो दर वर्षी सांगायचा आणि आम्ही सगळे माना डोलवायचो.

"तू हे मुद्दाम केलंस!" कुंदा फिस्कारली.

"हो, मुद्दाम!" नीलिमा म्हणाली. "आठवण आली पाहिजे तिला."

"मी इथेच उभी आहे," मी म्हटलं.

तिथली राखण करणारा बाळाराम नवा शर्ट घालून निघाला होता. "मॅडम, पाला आनून ठेवलाय, लाकडा पन हायत. आज आमच्या पोरांची क्रिकेटची फायनल हाय, मी चाललो."

"अहो, पण पोपटी कोण लावणार?"

"ती सायबच लावायचं. आमाला त्यांनी कदी हात लावून दिला नाय," बाळाराम म्हणाला आणि चपलेकडे बघत निघून गेला.

उरलो आम्ही तिघी. इतकी वर्षं पोपटी खाल्लेल्या, पण एकदाही न लावलेल्या! नीलिमाने भावाला फोन करायला मोबाइल काढला, तर रेंज नाही. ती आंब्याच्या झाडावर चढायलाही लागली होती. आम्ही पाय धरून उतरवलं. शेंगा आधी की कोंबडी आधी यावर वाद झाला. मीठ मी घातलं. मग कुंदाने घातलं, कारण मी घातलेलं तिने बघितलं नव्हतं. अंडी ठेवताना नीलिमाच्या हातून दोन फुटली. "ती मसाल्यात मुरतील," ती म्हणाली. मडकं उपडं करताना पाला निसटला आणि अर्धी पोपटी कुंदाच्या नव्या ड्रेसवर! सगळं गोळा केलं, झटकलं, परत भरलं. (कुंदाच्या ओढणीच्या चार टिकल्याही आत गेल्या असाव्यात. नंतर एक माझ्या दाताखाली आली.)

मग जाळ. लाकडं दवाने ओली. जाळ कसला, नुसता धूर! नीलिमा आणि कुंदाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी वाऱ्याच्या बाजूला उभी, कोरडी.

"माधू, येतंय का?" नीलिमा नाक पुसत विचारत होती.

"काय?"

"पाणी गं! डोळ्यांतून!"

"तुझ्या नाकातून येतंय, ते आधी पूस."

दिवस कलला तेव्हा कधीतरी जाळ धडधडून पेटला. शिजली की नाही हे बघायला सतीश तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचा, चर्र आवाज झाला की झाली. कुंदाने शिंपडलं नाही, तांब्याच ओतला. चर्र काय, मडक्याला वरून खालपर्यंत तडा गेला! "गेली," ती म्हणाली. या वेळी जीभही चावायला विसरली. बांबूने मडकं बाजूला ओढलं, तर ते आपोआप उकललं.

वाफेचा लोट उठला. ओव्याचा, पाल्याचा वास अंगणभर झाला. आम्ही पाटावर वर्तमानपत्र पसरून बसलो आणि पहिला घास घेतला.

कुंदा नीलिमाकडे बघायला लागली, नीलिमा शेंगांकडे. कारण पोपटी अप्रतिम झाली होती. कोंबडी हाडापासून सुटत होती. सतीशची नेहमी आतून थोडी कच्ची असायची, आणि आम्ही "वा, काय रसरशीत!" म्हणून खायचो.

"त्याच्यापेक्षा चांगली झालीय," मी म्हटलं.

कुंदाच्या हातातली शेंग खाली पडली.

"नाही, बघा ना! आपण मीठ दोनदा घातलं, अंडी फोडली, मडकं सांडलं, मडकं तडकवलं. तरी ही अशी झाली! म्हणजे यात काही नसतंच! भरायचं आणि पेटवायचं! आणि हा माणूस इतकी वर्षं कान लावतोय, वारा बघतोय, मला मिठाला हात लावू देत नाहीये! 'पोपटी हातात असावी लागते' म्हणे! लबाड! थांबा, घरी गेले ना, की असा खडसावते त्याला..."

आणि मी थांबले. घरी जाऊन सांगायला तो नव्हता.

आमचा काही प्रेमविवाह नव्हता, पण भांडणं आमची फार मायेची होती. हे भांडण तर मी हमखास जिंकले असते. त्याने चष्मा काढून पुसला असता, म्हणाला असता, "नवशिक्यांचं नशीब," आणि आम्ही महिनाभर त्यावर जगलो असतो. तो नाही, हे मला तेव्हा कळलं. एका हातात तंगडी धरून मी रडायला लागले ते थांबेचना. मोठ्याने, भोकाड पसरून.

"मी म्हटलं नव्हतं?" नीलिमा रडत रडत म्हणाली.

"तू गप्प बस गं," कुंदाही रडायला लागली होती. तिने मला जवळ घेतलं आणि मसाल्याने माखलेला हात माझ्या पाठीवरून फिरवत राहिली. "रड, माधू. रड बाई. आम्ही आहोत." हसवणारी तीच, बरं का.

तेवढ्यात बाळाराम उपविजेत्याचा कप घेऊन परतला. फुटक्या मडक्याभोवती तीन बायका हमसून रडताना बघून तो दचकलाच. "काय झाला मॅडम? कच्ची रायली का?"

"नाही हो!" मी हुंदके देत म्हटलं. "फार चांगली झालीय!" आणि पुन्हा जोरात रडले.

त्या रात्री मी झोपले. ऊन अंगावर येईपर्यंत झोपले, आणि उठवायची हिंमत कोणी केली नाही.

पुढच्या हिवाळ्यात आमच्याच सोसायटीतली काही मंडळी नेऱ्याला गेली. बाळारामने त्यांना कौतुकाने सांगितलं म्हणे, "पोपटी खावी तर त्या मॅडमच्या हातची. कोंबडी अशी शिजली, अशी शिजली, का सोता रडल्या!" आता सोसायटीत माझ्याबद्दल कोणी "बिचारी, अजून रडली नाही" असं म्हणत नाही. म्हणतात, "रडली की! नवरा गेला तेव्हा नाही, कोंबडी शिजली तेव्हा."