पत्ता विचारणारी डॉक्टर

नोकरीत मी पाहिलेली बहुतेक पाकिटं विसरले, पण गोळ्यांचं ते एक पाकीट अजून डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा लंडनच्या वायव्य भागातल्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होते. सकाळची ब्रीफिंग नुकतीच संपली होती. स्टॅनमोरच्या एका केमिस्टचा फोन आला. माणूस मूळचा नागपूरचा, माझं नाव ऐकताच थेट मराठीतच बोलला.

"मॅडम, बाईंचं नाव मी सांगणार नाही. पण त्यांनी दाखवलेलं पाकीट तुम्ही बघायलाच हवं."

मी तासाभरात दुकानात पोचले. गर्भपाताच्या गोळ्यांची पट्टी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होती. माहितीपत्रक नाही, बॅच नंबर नाही, कंपनीच्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं. आदल्या दिवशी एक बाई पेनकिलर मागायला आल्या होत्या. पोटात एका बाजूला दुखतंय, खांदाही दुखतोय, चक्कर येतेय, असं म्हणाल्या. केमिस्टने पेनकिलर न देता त्यांना खुर्चीत बसवलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. पाकीट पोलिसांना दाखवायला त्यांची हरकत नव्हती. हॉस्पिटलच्या एका नर्समार्फत मी माझा नंबर त्यांना पोचवला आणि थांबले. अशा बाईच्या दारात युनिफॉर्म घालून जाऊन उभं राहिलं, की ती कायमची गप्प होते.

चार दिवसांनी तिने स्वतःच फोन केला. मी साध्या कपड्यांत हॉस्पिटलमध्ये गेले. पुण्याची सॉफ्टवेअर टेस्टर, वय तिशीच्या आत, इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. गर्भ गर्भाशयात नव्हता, नळीत होता. नळी फुटली आणि तातडीने ऑपरेशन करावं लागलं.

"मॅडम, मला अटक होणार का? माझा व्हिसा जाईल का?" हे तिचं पहिलं वाक्य.

"नाही. तू साक्षीदार आहेस. वरिष्ठांशी तसं बोलूनच मी आलेय. मला गोळ्या विकणारा हवाय."

"फॅमिली डॉक्टरकडे गेले असते, तर घरी पत्र आलं असतं. सासूबाई सगळी पत्रं उघडतात. ऑनलाइन शोधलं, तर मराठीत बोलणाऱ्या एक डॉक्टर ताई सापडल्या. वाटलं, आपलंच माणूस आहे."

गोळ्या ज्यातून टपालाने आल्या, ते वरचं पाकीट तिने फेकून दिलं होतं. मेसेज मात्र फोनमध्ये होते. ते घेऊन मी ठाण्यात आले. सहकाऱ्यांचं मत पडलं, की वेबसाइट परदेशातली आहे, फाइल दुसऱ्या विभागाकडे द्यावी. मी ते मेसेज पुन्हा वाचले. 'पुण्याच्या डॉक्टर ताई' लिहीत होत्या, 'तुमची पार्सल पाठवला आहे' आणि 'गोळी आला का?' पुण्यात वाढलेली बाई असं लिहीत नाही. इथे जन्मलेली माझी मुलगी मात्र अगदी असंच बोलते. विकणारा पुण्यात नव्हता, आमच्याच आसपास कुठेतरी होता. मी फाइल सोडली नाही.

परवानगी घेऊन आम्ही खोट्या नावाने त्याच वेबसाइटवर ऑर्डर दिली. आठवड्याभरात पाकीट आलं. त्यावर ज्या पोस्टाच्या काउंटरचं लेबल होतं, तिथलं कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं. तसल्याच पाकिटांची थप्पी काउंटरवर ठेवणारा एक माणूस दिसला. गाडीच्या नंबरवरून घर मिळालं आणि वॉरंट घेऊन आम्ही झडती घेतली. घरात मोबाइलच्या कव्हरांची खोकी होती, आणि त्यांच्या मागे गोळ्यांची. नंतर लॅबचा रिपोर्ट आला. गोळ्यांमध्ये औषध नावालाही नव्हतं.

माणूस चाळिशीचा, इथेच लंडनच्या हॅरोत जन्मलेला, दोन मुलींचा बाप. चौकशीच्या खोलीत शेजारी त्याचा सॉलिसिटर, समोर रेकॉर्डर. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "नो कॉमेंट." तो त्याचा हक्क होता. मी आवाज चढवला नाही. आरडाओरडा केल्याने कबुली मिळते हे सिनेमातच खरं. मी तिचे मेसेज एकेक करून शांतपणे वाचून दाखवले.

"तिने लिहिलं, एका बाजूला खूप दुखतंय, उभं राहवत नाही. तुम्ही लिहिलंत, नॉर्मल आहे, गरम पाणी प्या. तिने लिहिलं, खांदा दुखतोय, भीती वाटतेय. तुम्ही लिहिलंत, आणखी दोन गोळी घ्या."

"नो कॉमेंट."

"खांदा का दुखत होता, ठाऊक आहे? पोटात रक्तस्राव होत होता."

तो एकदम उसळला. "हाउ वुड आय नो? मी काय डॉक्टर आहे का?"

सॉलिसिटरने पेन खाली ठेवलं. रेकॉर्डर चालू होता.

त्याच्या लॅपटॉपवर इतर बायकांचे नंबर मिळाले. त्यांना पत्र पाठवायचं नाही, असं मी ठरवलं. आम्ही महिला अधिकारी दिवसा फोन करायचो आणि आधी विचारायचो, "आत्ता बोलता येईल का?" नाही म्हणाल्या, तर काही न सांगता फोन ठेवायचो आणि पुन्हा करायचो. शेवटच्या नंबरवरची बाई सापडेपर्यंत मी ती यादी बंद केली नाही. काहीजणी रडल्या. एकीने शिव्या दिल्या. एक तेव्हाही गरोदर होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

कोर्टात त्या पुण्याच्या मुलीला पडद्याआडून साक्ष द्यायची मुभा होती. तिने ती नाकारली. सरकारी वकिलांनी विचारलं, "या 'डॉक्टर ताईंनी' तुमच्या तब्येतीबद्दल काय विचारलं?"

"काहीच नाही," ती आरोपीकडे पाहत म्हणाली. "फक्त पत्ता विचारला."

तो तुरुंगात गेला.

या देशात दहा आठवड्यांच्या आत या गोळ्या टपालाने कायदेशीरपणे मिळू शकतात, हे त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. मान्यताप्राप्त सेवेची नर्स आधी फोनवर बोलते. शेवटची पाळी कधी आली, कुठे दुखतंय का, आधी कधी गर्भ नळीत राहिला होता का, कोणती औषधं चालू आहेत, कुणाची जबरदस्ती तर नाही ना, हे सगळं विचारते. शंका आली तर सोनोग्राफीला बोलावते. पत्र घरी येऊ नये असं सांगितलं तर तेही पाळलं जातं. नर्सच्या त्या प्रश्नांतूनच त्या मुलीचं दुखणं वेळेत कळलं असतं. खऱ्या गोळ्यांनीही नळीतला गर्भ पडत नाही.

मला वाटायचं, माणसं लोभाने फसतात. या प्रकरणात कळलं, की लाजेने कितीतरी जास्त फसतात, आणि ती लाज आपण घरात बसून तयार करतो.

आता निवृत्तीनंतरही ओळखीतली एखादी मुलगी दबक्या आवाजात फोन करते. म्हणते, "काकू, मैत्रिणीसाठी विचारतेय, ऑनलाइन गोळ्या मागवल्या तर चालतील का?" ही मैत्रीण कोण, ते मी विचारत नाही. एवढंच विचारते, "गोळ्या देण्याआधी त्यांनी तिला काय काय विचारलं?"