माईंची गाठोडी आणि तात्यांचा पंखा

माईंनी दारात टाकायला काथ्याचं जाड पायपुसणं आणलं आणि दार त्याच्यावर अडायला लागलं, तेव्हा तात्यांनी पायपुसणं बदललं नाही. दार बिजागऱ्यांतून काढलं, जिन्यात आडवं घातलं आणि खालून तासलं. ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी त्यांच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहते, त्यामुळे भुसा माझ्या उंबऱ्यापर्यंत आला. "तात्या, दुसरं पायपुसणं आणलं असतं तर भागलं नसतं का?" मी विचारलं. रंधा न थांबवता ते म्हणाले, "तिने हौसेने आणलंय गं. दाराला काय, वाईट वाटत नाही."

तात्या डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर सगळी हत्यारं त्यांनी घराकडे वळवली. माईंच्या बरण्या वाढल्या की फळी लांब व्हायची. माईंचे गुडघे धरले तेव्हा देव्हारा भिंतीवरून खाली उतरला आणि स्टुलाच्या उंचीवर आला. मी पडले कोकणातली. आमच्याकडे माया असली तरी ती टोमण्यातून पोचवायची पद्धत आहे. बायकोला एका शब्दाने न टोकणारा हा माणूस मला आधी जरा विचित्रच वाटायचा. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं, तर हसून म्हणाले, "टोकून बघितलं सुरुवातीला. तिचं तोंड उतरलं, आणि मला दिवसभर काही सुचेना. त्यापेक्षा करवत चालवलेली बरी."

माईंचं माहेर माळशेज घाटाच्या वर, ओतूरच्या बाजूला. आई लवकर गेली, म्हणून धाकट्या भावाला, बाळूला, माईंनीच कडेवर वाढवलेलं. त्या बाळूला पन्नाशी उलटल्यावर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण बहिणीला बघितलं की डाव्या हाताने तिच्या बांगड्या घट्ट धरून ठेवायचा. महिन्यातून एक रविवार माई त्याला भेटायला जायच्या. त्या रविवारावर त्यांचा उरलेला महिना उभा असायचा, असं म्हटलं तरी चालेल.

आणि माई माहेरी रिकाम्या हाताने जातील हे शक्यच नव्हतं. कल्याणच्या बाजारातली सुकट आणि बोंबील, बेकरीतली खारी, टोस्ट, पावाच्या लाद्या, हे तर ठरलेलंच. शिवाय बिल्डिंगमधल्या जुन्या साड्या. माईंची भावजय गोधड्या शिवायची, म्हणून सगळ्या मजल्यांवरच्या बायका आपल्या विरलेल्या साड्या माईंकडे आणून टाकायच्या. त्यांची गाठोडी बांधून माई गाडीच्या मागच्या सीटवर अशी दाबून बसवायच्या की मागे बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी टेकायला लोड मिळाल्यासारखं व्हायचं.

गाडी हायब्रिड होती, पुतण्याकडून जुनी घेतलेली. तात्यांना ती आवडली कारण शहाडच्या पुलावर गर्दीत थांबली की इंजीन गप्प व्हायचं आणि माईंचं डोकं दुखायचं नाही. माईंची बायपास झालेली होती आणि डॉक्टरांनी उन्हापासून सांभाळायला सांगितलेलं, म्हणून एसी सतत चालू. सगळं छान चाललं होतं. मग एका मे महिन्यात, भर दुपारी, ऐन घाटात, कांद्याच्या रिकाम्या ट्रकमागे रांगत चढताना मागून पंख्याची घरघर वाढली, पुढे लाल दिवा लागला, गाडीचा जोर गेला आणि एसी बंद पडला. माई घामाने निथळल्या, डोळे फिरवले. कोणीतरी सावलीत बसवलं, पाणी मारलं, म्हणून निभावलं.

घोडबंदरला राहणारा त्यांचा मुलगा अभय दुसऱ्या दिवशी आला तो रागावूनच. "आता गावाला जाणं बंद. मामाला व्हिडिओ कॉल करा ना. तो कुठे बोलतो तरी?" मी चहा द्यायला गेले होते. माई फक्त स्वतःच्या बांगड्या मागे-पुढे करत राहिल्या. तात्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "अरे, गाडीत बिघाड आहे. गाडी दुरुस्त होऊ दे, मग बोलू."

बिघाड काही नव्हताच. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सगळं तपासून सांगितलं, आणि तेव्हा मी तात्यांबरोबर होते. अशा गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते. सीटच्या कडेला एक जाळी असते, तिच्यातून आतली गार हवा ओढून पंखा ती बॅटरीवर सोडतो. माईंचं गाठोडं बरोबर त्या जाळीला चिकटून बसायचं. घाटाचा चढ, भरलेली गाडी, मे महिना, आणि वर बॅटरीच्या नाकातोंडात नऊवारी. "जाळीपाशी सामान ठेवू नका, एवढंच," सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला. मी म्हटलं, सुटलो. तात्या मात्र गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवेनात. मग म्हणाले, "सुलू, हे माईला सांगायचं नाही. आपल्या सामानाने असं झालं म्हटलं तर ती पुढच्या वेळी पिशवीसुद्धा घेणार नाही. आणि माहेरी जाताना मान खाली घालून जाईल."

मग सुरू झाले तात्यांचे उद्योग. आधी त्यांनी जाळीपुढे एक जुना पाट उभा बसवला, म्हणजे गाठोडं लांब राहील. माईंना पाटामागची ती मोकळी जागा वाया चाललेली दिसली. त्यांनी तिथे पावाच्या लाद्या बरोबर मापात बसवल्या, वर तात्यांचं कौतुकही केलं. "बघ सुलू, ह्यांनी पावासाठी वेगळा कप्पा केलाय." तात्या म्हणाले, "हो, पाव चेपतात ना." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी विठ्ठलवाडीच्या इम्रानचं गॅरेज गाठलं. त्यानेही आधी तेच सांगितलं. "अंकल, सामान हटवा ना, फुकटात काम होईल." तात्या म्हणाले, "सामान हटणार नाही. ते सोडून बोल." इम्रानने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. "बॅटरीला मी हात नाय लावणार," तो म्हणाला. "करंट लय मोठा असतो तिथं. पण हवा पायजे ना? हवा देतो." त्याने आधी जुना पंखा काढला. त्यात एवढा धागा आणि कापूस अडकलेला की एक उशी झाली असती. तो साफ केला. मग दोन पुढच्या सीटच्या मधून, गार हवा थेट लागते तिथून, एक रुंद चपटा पाइप मागे बॅटरीच्या जाळीपर्यंत नेला, त्यात आणखी एक पंखा बसवला आणि पाइपाचं हवा ओढणारं तोंड अशा उंचीवर ठेवलं की तिथे गाठोडंच काय, रुमालही अडकू नये. त्याच्या वायरिंगसाठी तात्या स्वतः गाडीखाली झोपले. ह्या वयात.

परीक्षेच्या रविवारी मला मागे बसवलं. दोन्हीकडे गाठोडी, पायाशी बोंबील, आणि बॅटरीपाशी तापतंय का ते बघायला हातात थर्मामीटर. टोकावडं सोडलं, चढ लागला. पुढे ट्रक होताच. तात्या आरशातून नजरेनेच माझ्याकडे प्रश्न टाकत होते. मी बोटाने ठीक आहे म्हणून खुणावत होते. माईंचं लक्ष गेलंच. "हे काय धरून बसलीयेस गं?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मला खरं बोलायची खोड आहे, आणि बोंबलाच्या वासाने डोकंही उठलं होतं. आरशात तात्यांचे डोळे दिसले आणि मी थर्मामीटर गाठोड्याआड सरकवला. तेच म्हणाले, "गाडी नाजूक आहे ही. ऊन सोसत नाही. म्हणून तिला वेगळा पंखा लावलाय."

"अगं बाई," माई म्हणाल्या आणि डॅशबोर्डवरून हात फिरवला. "माझ्यासारखीच आहे म्हणायची."

दिवा लागला नाही. वर पठारावर पोचल्यावर तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि चष्मा काढून पुसत बसले. त्या दिवशी बाळूमामांनी बांगड्या धरल्या त्या आम्ही निघेपर्यंत सोडल्या नाहीत. माईंनी मोकळ्या राहिलेल्या डाव्या हाताने त्यांना सुकटीची चटणी-भाकरी भरवली, आणि तात्या ओसरीवर बसून आतलं सगळं ऐकत होते. एवढा सुखी माणूस मी फार कमी वेळा बघितला आहे. पुढे किती रविवार तसे गेले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. साधा खोकला म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला. मला फार रडू आलं, सख्खं कोणी गेल्यासारखं. दिवस झाल्यावर अभय म्हणाला, गाडी विकून टाकू, आई आता कुठे जाणार? मी म्हटलं, "थांब. मला रविवारी सुट्टी असते आणि गाडी चालवता येते. मी नेईन." तो नको म्हणाला नाही. आईचं तोंड त्यालाही बघवत नव्हतं.

पहिल्या रविवारी मी गाडी काढून खाली उभी राहिले. माई जिना उतरून आल्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पर्स. बस्स. इतक्या वर्षांत त्यांना अशी मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सामान कुठाय?"

"नको गं. तू आपली कुठेतरी अडकायचीस. गाडी नाजूक आहे ही. ह्यांना तिचं सगळं माहीत होतं, ते सांभाळायचे. आपण दोघी बायका, घाटात काय करणार?"

तात्यांनी माईंचा मान राखायला जे सांगितलं, त्यानेच आज माई मोकळ्या हातांनी निघाल्या होत्या. खरं सांगितलं असतं तरी त्या मोकळ्याच निघाल्या असत्या, वर आयुष्यभराची हळहळ. मी गाडीचं मागचं दार उघडलं.

"नाजूक होती," मी म्हटलं. "तात्यांनी ती पक्की करून ठेवलीय. आता हिच्यात काहीही घाला. मला स्वतः सांगितलंय त्यांनी." असलं काही ते बोलले नव्हते. "वर काय बांधून ठेवलंयत?"

माई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांचे शर्ट आहेत. लेंगे आहेत. बाळूला त्यांची एक गोधडी शिवून द्यावी, असं मनात होतं."

"मग आणा की!"

त्या गुडघे विसरून वर गेल्या. दोन फेऱ्या झाल्या. गाठोडं एवढं मोठं होतं की मागे काही केल्या मावेना. मी माझी सीट पुढे सरकवली, अजून थोडी सरकवली. गुडघे स्टेअरिंगला लागत होते. तशीच गाडी काढली.