घरी थांबणारी

तिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा कामाला गेले. त्याआधी काय करत होते, असं कोणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे एकच शब्द होता, अभ्यास. दहावीत तो ऐकून लोक मान डोलवायचे. पदवी झाली तेव्हा कौतुक करायचे. पुढे नुसतं ‘हं’ म्हणून पावसापाण्याचा विषय काढायचे, आणि शेवटी विचारणंच बंद झालं. आमच्या गावात कोणी काही विचारायचं सोडलं, की आपलं काही खरं नाही असं समजावं.

कामरगावहून जीपने थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. घरात आम्ही दोघीच, माय आणि मी. वडील मी शाळेत असतानाच गेले. धाकटा भाऊ बारावीत नापास झाला आणि त्याच उन्हाळ्यात पुण्याकडे एका कंपनीत लागला. तेव्हा गल्लीतल्या बायका हळहळल्या होत्या, एवढ्याशा पोराला कामाला धाडलं म्हणून. आता त्याची गाडी आहे, बायको आहे, लेक आहे, आणि बायका हळहळायला माझ्याकडे वळल्या आहेत. त्याने फार लवकर सुरुवात केली, मी फार उशीर केला. मग बरोबर वय कोणतं, हे मात्र त्यांच्यातल्या एकीनेही मला अजून सांगितलेलं नाही.

मायकडे उत्तर होतं. ती स्वतः चौथीत असताना कामाला लागली. एक दिवस शाळेतून घरी आली, दप्तर कोनाड्यात ठेवलं, आणि आजीने तिच्या कमरेला फडकं बांधून तिला कापूस वेचायला उभं केलं. दुसऱ्या दिवशी दप्तराचं कोणी नाव काढलं नाही. हे ती चिडून सांगत नसे. दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसं सांगायची, आणि शेवटी म्हणायची, “मले कोनं इचारलं होतं, तुहं वय झालं काय म्हून?”

त्या दिवसाचा राग तिने माझ्यावर प्रेम करून काढला. मी कामाला लागायचं ते थेट खुर्चीवर, पंख्याखाली, सरकारी नोकरीत. तोवर कशालाही हात लावायचा नाही. शेतातलं तर नाहीच, घरातलंही नाही. पहाटे उठून ती स्वयंपाक करून ठेवायची, पाणी भरायची, अंगण झाडायची. मी झाडू हातात घेतला की काढून घ्यायची. “मी करतो न. तू बस वाचत.” मी बसायचे. मैत्रिणींची लग्नं झाली, मुलं झाली, ती मुलं शाळेत जायला लागली, आणि मी बसलेलीच होते.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी मजुरांना नेणारी छोटी मालगाडी यायची. सगळे तिला छोटा हत्ती म्हणतात. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली की आमची गल्ली त्या गाडीत चढून निघून जायची. बायका जायच्या, कॉलेजच्या पोरी सुट्टी काढून जायच्या, नव्या सुनाही जायच्या. मग उरायचं कोण? विहाराच्या पायरीवर बसलेले एक म्हातारे, ज्यांना ऐकू येत नाही. अंगणवाडीत कोंडलेली लेकरं. कोंबड्या. आणि मी.

त्या दिवसांतली दुपार किती लांब असते, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. दारं सगळी ओढून घेतलेली. कुणाच्या घरात भांडं पडलं तरी बरं वाटेल, पण पाडायला माणूस हवं ना. मी पुस्तक मोठ्याने वाचायचे. घटनेची कलमं, पंचायतीचे अधिकार, महाराष्ट्रातल्या नद्या. लोक समजायचे, पाठांतर चाललंय. खरं तर घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून मी वाचत होते. बारा वाजता झाकलेलं ताट उघडायचं, एकटीने जेवायचं, पुन्हा वाचायला बसायचं. परीक्षा येत, थोडक्यात हुकत, कधी भरतीच पुढे ढकलली जाई. पण मला एकटेपणाने जितकं थकवलं तितकं त्या परीक्षांनी नाही थकवलं.

संध्याकाळी गाडी परत यायची तेव्हा तर जास्तच वाईट वाटायचं. बायका उतरायच्या त्या हसतच. दिवसभर एका रांगेत वाकून काम केलेलं असायचं, एकीचा डबा दुसरीने खाल्लेला असायचा, बांधावर साप निघालेला असायचा, कुणाच्या नवऱ्याची नक्कल झालेली असायची. मी दारात उभी राहून विचारायचे, काय झालं? त्या एकमेकींकडे बघून म्हणायच्या, “काई नाई वं साहेबीनबाई, असंच.” साहेबीण हे नाव मला कॉलेजात असतानाच पडलं होतं. आधी ते कौतुकाचं होतं. नंतर त्याचं काय झालं, ते त्यांनाही कळलं नसावं.

माय हातपाय धुऊन जेवायची आणि जेवता जेवताच पेंगायची. तिच्याशी बोलायला मी दिवसभराचं साठवून ठेवलेलं असायचं. पण सांगण्यासारखं माझ्याकडे असायचं तरी काय? कलम सांगू, की नदी?

एका सोंगणीत मी ठरवलं की आपणही जायचं. जुना सदरा अंगावर चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि गाडी आली तशी मागून चढले. बायका गोळा करून नेणारी जी मोठी बाई होती, मायच्याच वयाची, ती म्हणाली, “उतर वं बाई खाली.”

“काहून? मले नाही येत काय?”

“येत असन. पन तुले नेलं तं तुही माय मले काय म्हनन? तिनं आमाले सगळ्याईले सांगून ठेवलं हाये.”

मी मायकडे पाहिलं. ती गाडीच्या कडेला बसली होती, तोंड रस्त्याकडे करून. तिने मला उतर म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही, वळूनही बघितलं नाही. कुणीतरी हसलं, कुणीतरी तिला दटावलं. मी उतरले. गाडी गेल्यावर डोक्याचा रुमाल सोडायचंही माझ्या लक्षात राहिलं नाही. तशीच घरी आले आणि तशीच वाचायला बसले. सगळ्या गल्लीने मिळून मला घरात ठेवलंय, हे मला त्या दिवशी कळलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, म्हणून भांडायचीही सोय नव्हती.

मागच्या वर्षीच्या सोंगणीत, शेवटच्या दिवसांत, गाडी परत आली आणि माय उतरेना. बाकीच्या उतरल्या, ती बसलेलीच. मग दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली घेतलं. कंबर धरली होती. दारापर्यंत ती वाकूनच आली, आणि मी हातात पुस्तक घेऊन दारात उभी. त्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला ते पुस्तक कुठे लपवू असं झालं. एवढी धडधाकट लेक घरात आणि म्हातारी होत चाललेली माय मजुरीला. आता मी कामाला लागायचं आणि हिने थांबायचं, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. खुर्ची कसली मिळते ते बघायला मला सवड नव्हती.

कामरगावात बियाण्या-औषधांच्या एका दुकानात बिलं करायला माणूस हवा होता. मी गेले. मालकाने शिक्षण विचारलं, ते ऐकून खुश झाला. मग अनुभव विचारला.

“काहीच नाही.”

“काहीच म्हंजे? शेतातलं तरी?”

“नाही.”

“मंग एवढे वर्ष काय केलं तुमी?”

त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. मी म्हटलं, अभ्यास. तो म्हणाला, सोमवारपासून या. दुकानात खुर्ची होती आणि वर पंखाही होता, ही गोष्ट घरी सांगायला बरी होती.

मायला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. “म्हंजे सोडलं,” ती म्हणाली. मी हो म्हटलं. ती ओरडेल, रडेल, सगळ्याची मी तयारी केली होती. तिने फक्त तव्यावरची भाकर उलटली. ती भाकर करपली तरी काढली नाही. ते बघून मी हट्टाला पेटले आणि म्हटलं, “मी जाते. पण तू आता घरी बसायचं. कुणाच्या शेतात जायचं नाही.” भावाला फोन लावून दिला. तोही तिला तेच म्हणाला, “माय, लय झालं आता. तिले जाऊ दे, तू बस आरामात.” दोन्हीकडून घेरल्यावर ती हो म्हणाली.

पहिले दिवस माझे मजेत गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, दुकानात गर्दी. औषधांची नावं मला येईनात, मालकाची बायको शेजारी उभी राहून शिकवायची, चुकलं की दोघी हसायचो. कुणी येऊन उगाच विचारायचं, बाई, कोणत्या गावच्या? दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. मी इतकी बोलायला लागले की माझं मलाच नवल वाटायचं. सकाळी जीपमध्ये तीन जणांच्या जागेत पाच जण कोंबलेले असायचे, आणि मला ते आवडायचं. संध्याकाळी घरी यायचे ती दमून. जेवता जेवता डोळे मिटायचे.

माय दारात बसलेली असायची. घर इतकं स्वच्छ की डबेसुद्धा घासूनपुसून पुन्हा लावलेले. मला वाटायचं, चला, कंबर सुधारतेय, चार घास सुखाने खातेय. दुकानात तिचे फोन यायला लागले. जेवली काय? गर्दी हाये काय? मग, “तिकडं आभाळ आलं काय?” स्वच्छ ऊन पडलेलं असताना. एकदा तर काही न विचारता नुसताच फोन कानाला धरून बसली. मालक चेष्टा करायचा, तुमच्या मायचं लक्ष लागत नाही वाटतं. गिऱ्हाइकं उभी असताना वारंवार फोन, मी वैतागायचे. एकदा जरा तोडूनच म्हटलं, “काम चालू आहे ना माय.” त्यानंतर फोन कमी झाले.

तुरीची सोंगणी लागली. गल्ली पुन्हा रिकामी व्हायला लागली. एका संध्याकाळी मी घरी आले, चपला काढल्या, तोच ती म्हणाली, “उद्यापासून मी जातो कामाले.”

मी खवळलेच. कंबर विसरलीस का, भाऊ काय म्हणेल, लोक मला काय म्हणतील, मी कामाला लागले ती कशासाठी, सगळं एका दमात बोलून टाकलं. शेवटी मी विचारलं, “पण कशाला? काय कमी आहे तुला इथं?”

“कोनीच नसते वं बाई इथं,” ती म्हणाली. “सकाळी गाडी गेली का कोनीच नाई. मी भिताडासंगं बोलून राह्यली आता. जेवाले बसली का घास जात नाई खाली.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे फार वर्षांत बघितलं नव्हतं. “तू कशी राह्यली वं इथं एवढे साल?”

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. निकाल विचारला होता, लग्नाचं विचारलं होतं, पुढे काय तेही विचारलं होतं.

“सवय होते,” मी म्हटलं.

“नाई होत,” ती म्हणाली.

मला रडू आलं. तीस-बत्तीस वर्षांची बाई, खांद्याला डब्याची पिशवी तशीच अडकवलेली, आणि लहान पोरीसारखी हुंदके देत उभी. माय उठली नाही. जवळ घेणं, डोळे पुसणं ही तिची रीत नाही. ती भिंतीला टेकून बसून राहिली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मले वाटे, तू सुखात हायेस.”