शकुंतलाची चूल आणि माझी भांडी

गेल्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाला फसवायला गेले... आणि पाच मिनिटांत पकडले गेले. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं काढलेल्या बाईला हे शोभत नाही, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये कोणी समजवायला येऊ नये.

इथे एग्मोर भागात बायकांची एक संस्था आहे. तिथे मी दर शनिवारी फॉर्म भरून देते. येणाऱ्या बहुतेक जणी धंदा करणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या. मराठी बोलणारी कोणी आली की थेट माझ्या टेबलाशी पाठवतात.

शकुंतला तशीच आली. मूळची सोलापूरकडची, नऊ वर्षं मद्रासात. (चेन्नई होऊन दहा वर्षं झाली, पण माझ्या तोंडी मद्रासच बसलंय.) पोलिसांनी तिला दोनदा धरून सेंट्रलवर मुंबईच्या गाडीत बसवून दिलं होतं. दोन्ही वेळा ती तासाभरावरच्या अरकोणमला उतरली आणि पॅसेंजरने परत आली... तिकीट काढून, हे तिने मला मुद्दाम सांगितलं.

या वेळी मात्र मॅजिस्ट्रेटची नोटीस होती. इथली रहिवासी असल्याचा पुरावा दाखव, नाहीतर शहर सोड. मुलगी इथल्या सरकारी शाळेत आठवीला, तमिळ माध्यमात. "तिला गावी नेऊन परत अ-आ-ई गिरवायला बसवू का, बाई?" शकुंतलाने विचारलं.

संस्थेच्या वकीलबाई म्हणाल्या, हे काम करणं कायद्याने गुन्हा नाही. फक्त ते करणाऱ्या बाईने कुठे राहायचं, याची सोय कायद्यात केलेली नाही... तेव्हा आधी रेशनकार्ड काढा.

अर्ज मी भरला. पण कार्डाआधी इन्स्पेक्टर घरी येऊन बघतो. अर्जदाराची चूल वेगळी हवी, असा नियम. शकुंतलाच्या खोलीत खाट, ट्रंक, आरसा आणि देवाचं कॅलेंडर. चूल नाहीच. खाणं-पिणं सगळं खालच्या दुकानातून.

मग मीच माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह काढला. चार पातेली, डबे, परात, पोळपाट-लाटणं... रिक्षात घालून नेलं आणि खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर मांडलं. नवऱ्याने विचारलं, कुठे चाललीस? म्हटलं, समाजकार्याला.

अर्जात 'व्यवसाय' हा रकाना मी कोरा ठेवला होता. खोटं लिहिणार नाही, असं शकुंतलाला बजावलंही होतं. ती मांडलेल्या पातेल्यांकडे बघून म्हणाली, "चूल खोटी चालती, धंदा तेवढा खरा पाहिजे. तुमचं गणित काही कळत नाही, बाई." मी तिला भांडी पुसायला लावली.

इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, कपाळाला विभूती, चेहरा माझ्याहून कडक. त्यांनी स्टोव्हकडे पाहिलं. मग एक पातेलं उचललं, कडेवर बोट ठेवून तमिळमध्ये विचारलं, "हे काय लिहिलंय?"

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, हे मी साफ विसरले होते. शकुंतलाला वाचता येत नाही. मला येतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. मी भाषांतर करून सांगितलं... चि. सौ. कां. सुमन हिस, मामांकडून सप्रेम भेट.

"सुमन कोण?"

"मी."

"आणि परात?"

"आत्याकडून."

त्यांनी एकेक भांडं उचलून माझ्या लग्नातला सगळा आहेर वाचून घेतला. शकुंतलाला वाटलं, पाहुणा उगाच ताटकळलाय. तिने खिडकीतून वाकून खाली ओरडून तीन चहा मागवले. स्वयंपाकघर शेजारी मांडलेलं असताना.

मी डोळे मिटले.

चहा घेऊन खालच्या दुकानाचा मास्टर, म्हणजे चहा करणारा, स्वतःच वर आला. इन्स्पेक्टरनी त्याला विचारलं, ही बाई इथे राहते का? मास्टरने ग्लास ठेवले आणि जणू कितीतरी दिवस हाच प्रश्न कोणी विचारायची वाट बघत असल्यासारखा सुरू झाला. "राहते का? नऊ वर्षं रोज सकाळी सहाला माझं डोकं खाते, सार. साखर कमी, पत्ती जुनी, ग्लास धुतला नाही. आली तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता, बोटं दाखवायची. आता अशा शिव्या घालते की माझं गिऱ्हाईक ऐकायला थांबतं."

शकुंतलाने तिथेच त्याला नमुना ऐकवला.

इन्स्पेक्टरनी ते अर्जावर लिहून घेतलं. शिव्या नव्हेत... 'शेजारी चौकशी केली, नऊ वर्षांपासून वास्तव्य.' कोऱ्या रकान्यात, काही न विचारता, स्वतःच्या अक्षरात 'स्वयंरोजगार' लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, नियमात वेगळी चूल हवी. ही भांडी उद्याही इथेच असतील ना?"

मामांचं पातेलं, आत्याची परात... "असतील," मी म्हटलं.

परवा तारीख होती. कार्ड बघून नोटीस मागे घेतली. कुटुंबप्रमुख म्हणून शकुंतलाचं नाव आहे, त्याखाली मुलीचं. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती ते उलटसुलट बघत होती. मग म्हणाली, "आता गाडीत बसवलं तर परतीचं भाडं मागीन."

माझ्याकडे बावीस वर्षांत या शहरात कोणी पुरावा मागितला नाही. मागितला असता तर माझ्यासाठी जिना चढून कोण आलं असतं, याचा घरी येताना विचार करत होते... एकही नाव सुचलं नाही.