ओच्यातले खडे

भिवराबाई, हे तुला कुणीतरी वाचून दाखवील तेव्हा मधेच उठून शेळ्यांकडे जाऊ नकोस. बस आणि ऐक.

युसूफ वडगावात शेळ्या राखण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही. सकाळी एकेक शेळी सुटली की एकेक खडा ओच्यात, संध्याकाळी ती आत आली की खडा बाहेर. ओचा रिकामा, म्हणजे कळप पुरा. अक्षर येत नसताना जन्मात एक करडू हरवलं नाहीस. पण नातीलाही हाच हिशेब लावायला तुला सांगितलं कुणी?

ऋतुजा शाळेच्या फाटकाशी डोकं आपटायची, धरायला जाईल त्याला चावायची. हेडमास्तर म्हणाले, डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर आईबापांबरोबर ऊसतोडीला पाठवा. नऊ वर्षांची अशी पोर कोयत्यांच्या गर्दीत. तुला घास जाईना. म्हणून मी, रिटायर मास्तरीण, तुला केजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, औषधाचं नंतर पाहू, आधी पंधरा दिवस मोजा. रोज किती वेळा झालं, त्याआधी काय घडलं, नंतर तुम्ही काय केलं. तू मोजायचं, संध्याकाळी मी तक्त्यात लिहायचं.

रोज मी विचारलं, "किती?" रोज तू ओचा झटकलास. "कायबी न्हाई, बाई."

मी पंधरा शून्यं मांडली. तुझ्या मनगटावर दातांचे वळ दिसत होते, तरी मांडली. हा गाढवपणा माझा.

मॅडमनी तक्ता पाहिला. "आजी, एकदाही नाही? मग आणलंत कशाला?"

"लई येळा झालं की. तवा खडा टाकला. पोर गप झाली का काढला. माघारी आल्यावर खडा कावून ठेवू?"

मी कपाळाला हात लावला. मॅडमनी मात्र शांतपणे दुसरा तक्ता दिला. या वेळी खडा काढायचा नाही.

नऊ दिवसांत तेवीस खडे. त्यातल्या एकोणीस वेळा 'आधी'च्या रकान्यात एकच: शेळ्या शाळेवरून रानात निघाल्या. 'नंतर'मध्येही एकच: आजीनं बरोबर नेलं.

"अगं, चावलं की शेळ्या मिळतात हे पोरीला पक्कं ठाऊक आहे," मी म्हणाले.

"मंग रडू दिऊ का तिला?"

"ते मॅडम सांगतील. सोमवारी जाऊ."

सोमवारी तुझी शेळी व्यायला झाली. "तुमी एकल्याच जा की," म्हणालीस. दरवेळी मीच का, म्हणून मीही फुगून घरी बसले. बुधवारी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी आला आणि तुझ्या मुलानं, परमेश्वरनं, ऋतुजाला ट्रॉलीत भांड्यांशेजारी बसवलं. डॉक्टरांचा कागद नव्हता, तू तरी कशाच्या जोरावर अडवणार होतीस.

तक्ता माझ्या कपाटात आहे, शेवटच्या सहा दिवसांचे रकाने कोरे. मॅडम दर सोमवारी केजला असतात. बस नऊला शाळेसमोर थांबते, तू शेळ्या घेऊन तिथूनच जातेस, आणि मी ओट्यावरून बघते; बसमध्ये चढत दोघींपैकी कुणी नाही.